गोलावरची सरळ रेघ आणि माझी एक चूक



या अंकासाठी लेख मागायला विद्यार्थी-संपादक घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाळांनो, लेख देतो, पण त्यात उपदेश नसेल, कबुली असेल." त्यांना वाटले मी गंमत करतो आहे. गंमत नाही. गेल्या डिसेंबरातील विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो आणि एका मुलीचे गुण मी चुकीने कापले. चूक चारचौघांत झाली, तर दुरुस्तीही चारचौघांत व्हावी म्हणून हा लेख. त्या निमित्ताने दोन-चार गोष्टी विश्वस्तांपुढे मांडायच्या आहेत आणि एक गोष्ट पालकांपुढे.

प्रदर्शनात नववीच्या एका मुलीने तक्ता केला होता. विषय होता "दोन दूरचे विमानतळ : बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को". तक्त्याच्या एका बाजूला आकडेमोड, दुसऱ्या बाजूला जगाचा नकाशा. नकाशावर तिने बेंगळुरूपासून लाल रेघ काढली होती, ती सरळ वर जात जात कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली होती. मग तीच रेघ कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून खाली उतरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आली होती. मी विचारले, "हे काय, विमान नकाशाबाहेर गेले की!" ती म्हणाली, "उत्तर ध्रुवाजवळनं जातंय की ओ सर, विमान." मी हसलो. आजूबाजूची चार माणसेही हसली. मी म्हटले, "बेंगळुरूहून अमेरिकेला जायचे तर अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक महासागर अशी वाट. ही बघ, सरळ रेघ." आणि तिच्याच तक्त्यावर पेन्सिलीने डावीकडे आडवी रेघ ओढून दाखवली. पंचवीसपैकी अकरा गुण दिले. पहिले बक्षीस खाण्याच्या सोड्यावर चालणाऱ्या ज्वालामुखीला गेले. (आपल्या प्रदर्शनांत ज्वालामुखीला बक्षीस मिळाले नाही असे वर्ष मला तरी आठवत नाही.)

पुढे संक्रांतीच्या आधी बाजारात तिचे वडील भेटले. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. चहा घेता घेता एवढेच म्हणाले, "सर, थोरला म्हणतोय, पोरगीची रेघ बरोबर हाय म्हणून." थोरला म्हणजे मुलीचा भाऊ. आपल्याच शाळेचा विद्यार्थी. बेंगळुरूला नोकरी करून आता कॅलिफोर्नियात असतो. चहा गोड होता, पण मला काही तो गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिपाईमामांना कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढायला लावला. त्या गोलावर बोटभर धूळ होती आणि रशियाच्या जागी अजून सोव्हिएत संघ होता. सोव्हिएत संघ 1991 साली संपला, यावरून आपण तो गोल किती वेळा खाली काढतो याचा अंदाज यावा. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर. म्हणजे परीघ सुमारे 94 सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किलोमीटर. तेव्हा गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 425 किलोमीटर झाले. शिलाईच्या रिळातला दोरा घेतला, एक टोक बेंगळुरूवर धरले आणि मी सांगितलेल्या वाटेने, म्हणजे अरबस्तान, सहारा, अटलांटिक, टेक्सास असे करत सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत नेले. दोरा भरला 47 सेंटिमीटर. म्हणजे 20,000 किलोमीटर, पृथ्वीचा अर्धा वळसा! मग त्याच दोन टोकांत दोरा नुसता ताणला. ताणल्याबरोबर तो आपोआप आफ्रिकेवरून सरकला, युरोपावरून सरकला आणि उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसला. लांबी भरली साडेतेहतीस सेंटिमीटर. मुलीची रेघ बरोबर होती. माझी रेघ सहा हजार किलोमीटरनी चुकली होती.

आता हे असे का, ते विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. भिंतीवरचा नकाशा म्हणजे संत्र्याची साल सपाट करून चिकटवल्यासारखा प्रकार. साल फाटल्याशिवाय सपाट होत नाही, म्हणून नकाशा काढणारा ती कुठे तरी ताणतो. गेरार्डस मर्केटर याने 1569 साली जो नकाशा केला, तो जहाजांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालवायचे तर त्या नकाशावर सरळ रेघ मारली की काम भागते. पण त्यासाठी त्याने ध्रुवांकडचा भाग अतोनात ताणला. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. ध्रुव तर त्या नकाशात येतच नाही. जो भाग नकाशातच नाही, त्यावरून विमान जाते असे एका मुलीने सांगितले आणि परीक्षकाने तिला वेड्यात काढले. दोष मर्केटरचा नाही. त्याचा नकाशा जहाजांसाठी होता, आम्ही तो भूगोलाच्या तासाला लावला.

आकडेमोड हवी असेल तर तीही सोपी आहे. बेंगळुरूचा विमानतळ सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा साडेसदतीस, म्हणजे 38 धरू. बेंगळुरूपासून ध्रुव 77 अंश दूर, ध्रुवापासून सॅन फ्रान्सिस्को 52 अंश. बेरीज 129 अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरले, तर 14,319 किलोमीटर. ही अगदी ध्रुवाच्या माथ्यावरून जाणारी वाट. पण दोन्ही गावे एकमेकांच्या बरोबर समोर नाहीत. बेंगळुरूचे रेखांश सुमारे 78 पूर्व, सॅन फ्रान्सिस्कोचे 122 पश्चिम. बरोबर समोर असायला त्यांच्यात 180 अंश हवे होते, आहेत 160. म्हणून जवळची वाट ध्रुवाला किंचित बाजूला ठेवून जाते आणि थोडी वाचते. नेमके अंतर 13,993 किलोमीटर सांगितले जाते. इथे एक जपून बघायची गोष्ट. हेच अंतर कोणी 8,695 मैल सांगेल, कोणी 7,556 सागरी मैल. तिन्ही बरोबर. सागरी मैल म्हणजे अंशाचा साठावा भाग, 1.852 किलोमीटर. वैमानिक तोच वापरतात. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी आली की एकाला चूक ठरवण्याआधी शिक्षकांनी एकक विचारावे, हे मी आता स्वतःला बजावतो आहे.

हे विमान काल्पनिकही नव्हते. 9 जानेवारी 2021 रोजी एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला जाणारे पहिले थेट विमान निघाले. त्या विमानाच्या वैमानिककक्षात सगळ्या स्त्रिया होत्या, प्रमुख होत्या कॅप्टन झोया अग्रवाल. विमान उत्तर ध्रुवावरून आले आणि 11 जानेवारीच्या पहाटे तीन वाजून गेल्यावर बेंगळुरूला उतरले. आठवीच्या वर्गात मी आता हा प्रश्न मुद्दाम घालतो : 9 तारखेला रात्री साडेआठला विमान सुटले, 11 तारखेला पहाटे सव्वातीनला पोचले असे धरा, तर प्रवास किती तासांचा? निम्मा वर्ग 30 तास 45 मिनिटे सांगतो. बरोबर उत्तर 17 तास 15 मिनिटे. हिवाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा तास. तिथे 9 तारखेचे रात्रीचे साडेआठ, तेव्हा आपल्याकडे 10 तारखेचे सकाळचे दहा वाजलेले. तिथून सव्वासतरा तास मोजा. "मग सर, त्या लोकांची 10 तारीख कुठं गेली?" असे एका मुलाने विचारले. बेंगळुरूच्या घड्याळाने ती विमानातच गेली, बाळा, बर्फावर.

घड्याळाची गोष्ट निघाली म्हणून एक घरचे उदाहरण. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटे. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. आपला सदलगा सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. फरक आठ अंश, म्हणजे 32 मिनिटे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या सूर्याचे सरासरीने साडेअकराच वाजलेले असतात. शाळेच्या पटांगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते पाहा. बाराला पडणार नाही.

तेरा हजार नऊशे त्र्याण्णव किलोमीटर भागिले ताशी 900 केले की साडेपंधरा तास येतात. मग विमानाला सतरा तास का लागले? कारण विमान दोऱ्यावरून चालत नाही. चढायला-उतरायला वेळ जातो, डोंगर आणि निषिद्ध प्रदेश टाळावे लागतात, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. दूधगंगेला पूर आला की प्रवाहाबरोबर जाणारी नाव आणि उलट येणारी नाव यांना सारखा वेळ लागेल का? तसेच ते. मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना तासभर कमी. अंतर तेच.

याचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण ऑक्टोबर 2016 मधले. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. सुमारे 13,900 किलोमीटर, साडेसोळा तासांच्या आसपास. त्या महिन्यात ते उलट बाजूने, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून नेले. अंतर झाले सुमारे 15,300 किलोमीटर, आणि वेळ लागला साडेचौदा तास! चौदाशे किलोमीटर जास्त, दोन तास कमी. भागाकार करून पाहा, ताशी 1,055 किलोमीटर पडतात. विमानाच्या स्वतःच्या वेगापेक्षा ते जास्त आहे. वरचे वाऱ्याने दिले. "जवळचा रस्ता लवकरचा" हे आपण धरून चालतो, पण तसे नेहमी होत नाही.

वाट ठरवण्यात राजकारणही असते. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले. गोलावरचा दोरा ताणलेलाच असतो, पण विमानाला मध्ये कुंपणे लागतात. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान या गावी उतरवावे लागले. विमानात दोनशेहून जास्त माणसे होती. गावात एवढ्यांची सोय कुठली असणार? काहींची रात्र शाळेच्या इमारतीत, जमिनीवर घातलेल्या गाद्यांवर गेली. दुसरे विमान आल्यावर ते पुढे निघाले. मगादान हे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. गोलावर शोधले, तर दोरा तिथून फार लांब नव्हता.

इथपर्यंत विज्ञान झाले. आता जे लिहायचे ते थोडे जड आहे.

माफी मागायला मी त्या मुलीच्या घरी गेलो. तक्ता अजून माळ्यावर गुंडाळून ठेवला होता, तो तिने काढून आणला. तेव्हा तक्त्याची दुसरी बाजू मी पहिल्यांदा नीट वाचली. परीक्षक म्हणून ती मी वाचलीच नव्हती. त्या बाजूला "प्रत्यक्ष प्रवास" असा मथळा होता आणि खाली तासांचा हिशोब. मी विचारले, हा कुणाचा प्रवास? ती म्हणाली, "दादाचा. आज्जी गेली तवाचा."

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी रात्री अकराच्या सुमारास तिची आजी वारली. कॅलिफोर्नियात तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते. फोन गेला. मुलाने मिळेल ते तिकीट काढले आणि दोन तासांत घर सोडले. घरापासून विमान सुटेपर्यंत चार तास. दुबईपर्यंत सोळा तास. (दुबई सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळजवळ बरोबर समोर आहे, तेही विमान ध्रुवाकडूनच येते. अंतर सुमारे 13,000 किलोमीटर.) दुबईत दुसऱ्या विमानासाठी चार तास. मुंबईपर्यंत तीन तास, सुमारे 1,900 किलोमीटर. मुंबईत तपासणी, सामान, बाहेर येणे यांत दीड तास. सांबऱ्याला किंवा उजळाईवाडीला येणाऱ्या विमानाची वेळ त्या दिवशी जुळली नाही, म्हणून मुंबईहून गाडी. पाऊस, घाट, ठिकठिकाणी रस्त्याचे काम. साधारण 420 किलोमीटरला साडेआठ तास. तो बुधवारी दुपारी दोनला दारात उतरला. घर ते घर 37 तास. फोनपासून मोजले तर 39.

अंत्यसंस्कार मंगळवारी सकाळीच झाले होते. थांबायचे की नाही यावर घरात रात्रभर बोलणे झाले. वडीलधाऱ्या मंडळींनी थांबायचे नाही असे ठरवले आणि ते त्यांचे बरोबरच होते. पोरगा गुरुवारी रक्षाविसर्जनाला होता. पण घरात एक गैरसमज राहून गेला. चुलते म्हणाले, "सतरा तासांचं विमान हाय म्हणत होता की. मग दोन दिवस कुठं लागलं?" बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते, पण पोराच्या मनाला ते लागले. त्याने यायला उशीर केला, असा त्याचा अर्थ झाला. बहिणीने तो तक्ता कशासाठी केला होता, हे आता वाचकांच्या लक्षात येईल. तिला बक्षीस नको होते. आकाशात 14,900 किलोमीटरला 19 तास लागले आणि बाकीचे 18 तास दारे, रांगा आणि 420 किलोमीटर रस्ता यांनी घेतले, एवढे तिला मांडून दाखवायचे होते. बघायला तिचे चुलते प्रदर्शनात आले होते. आणि नेमका त्यांच्या देखत मी हसलो.

म्हणून पालकांपुढे माझे म्हणणे असे. आज आपल्या भागातल्या किती तरी घरांतून मुले-मुली बेंगळुरू, पुण्याला जातात आणि तिथून पुढे परदेशी. जाऊ देत, चांगले आहे. पण निघताना घरात जो आकडा सांगितला जातो, तो विमानतळ ते विमानतळ असतो. तिकिटावर तोच छापलेला असतो. घर ते घर हा आकडा कोणी सांगत नाही, कारण तो सांगायला बसून हिशोब करावा लागतो. तो हिशोब मूल जाण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून करावा, आज्जी-आजोबांनाही बसवून. "अडीअडचणीला तू किती वेळात येशील?" याचे खरे उत्तर दीड ते दोन दिवस असे असेल, तर ते आधी माहीत असलेले बरे. कोणासाठी थांबायचे, कोणासाठी नाही, हेही मग रात्री अकराला ठरवायची पाळी येत नाही.

"जग जवळ आले आहे" हे वाक्य मी स्नेहसंमेलनांत वीस वर्षे बोललो आहे. ते खोटे नाही. 1948 च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे "मलबार प्रिन्सेस" हे विमान पहिल्यांदा मुंबईहून लंडनला गेले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले होते आणि त्यात 35 प्रवासी होते. त्याच्याही आधी, 1932 च्या ऑक्टोबरात, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे छोटे विमान आणले. तेच टपाल पुढे मद्रासला जाताना आपल्या कर्नाटकातल्या बळ्ळारीला मुक्काम करत असे. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली युरोपातून परतताना फ्लॉरेन्स इथे वारले. ती बातमी करवीरला जशी पोचली असेल, त्या मानाने आजचा फोन म्हणजे चमत्कारच. पण फोन जवळ आला म्हणून माणूस तेवढाच जवळ आला असे आपण समजतो, तिथे हिशोब चुकतो.

आपल्या आज्यांचा हिशोब चुकत नसे. त्या अंतर कधी मैलांत सांगत नसत, "एक मुक्काम", "दोन मुक्काम" असे सांगत. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला बैलगाडीने जायचे, तर कुठे पाणी, कुठे वैरण, कुठे रात्र, हे सगळे त्या एका शब्दात येई. आणि याच सदलग्यात 1946 साली जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज यांनी 1968 साली अजमेरला दीक्षा घेतल्यावर मुनिधर्माप्रमाणे सारा विहार पायीच केला. फेब्रुवारी 2024 मध्ये छत्तीसगडात डोंगरगडला त्यांनी समाधी घेतली. पायी चालणाऱ्याला अंतर आणि वेळ हे दोन वेगळे आकडे लागत नाहीत. विमानात बसणाऱ्याला लागतात, म्हणून त्याला गणित जास्त यायला हवे.

आता विश्वस्तांना. गेल्या बैठकीत प्रत्येक वर्गात पडदा आणि प्रोजेक्टर बसवण्याचा विषय निघाला होता. माझा त्याला विरोध नाही. पण त्याआधी पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक पृथ्वीगोल ठेवावा, अशी माझी लेखी विनंती आहे. एका प्रोजेक्टरच्या खर्चात सगळ्या वर्गांचे गोल येतात. एका सदस्यांनी मला विचारले, "सर, मोबाईलवर दोन गावांची नावं टाकली की अंतर येतंय, गोल कशाला?" येते, बरोबर आहे. पण मोबाईल आकडा देतो, त्यामागचे कारण देत नाही. मलाही आकडा माहीत होता. चौदा हजार हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. तरी तो आकडा माझ्या डोक्यातल्या सपाट नकाशाशी जुळत नाही, हे मला कधी खटकले नाही, कारण हातात दोरा कधी धरलाच नव्हता. पडद्यावरचा गोल पुन्हा सपाटच असतो. आणि गोल आणले तर ते कपाटावर ठेवू नयेत. मुलांनी हाताळावेत, रंग उडावा, एखादा फुटावा. फुटलेल्याची किंमत मी माझ्या पेन्शनीतून देईन.

आणखी एक मागणी आहे, तिला खर्च नाही. आपल्याला दोन विमानतळ जवळ आहेत. उजळाईवाडी सरळ रेषेत अंदाजे 30 किलोमीटर, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळात 1939 साली सुरू झालेला. सांबरा त्याच्या अडीचपट दूर, दुसऱ्या महायुद्धात 1942 साली ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलेला. सहलीला आपण दरवर्षी त्याच त्या ठिकाणी जातो. एक वर्ष यांपैकी एका ठिकाणी परवानगी काढून जावे. वारा कुठून वाहतो ते दाखवणारी कापडी पिशवी मुलांनी बघावी, धावपट्टीच्या टोकाला लिहिलेला आकडा म्हणजे दिशेच्या अंशांचा दहावा भाग, एवढे त्यांना तिथे कळले तरी सहल वसूल होईल. मात्र सहलीच्या वहीत एक तक्ता हवा : शाळेच्या फाटकापासून विमानतळाच्या फाटकापर्यंत किलोमीटर किती, तास किती.

गुणांचे काय, हा प्रश्न राहिला. प्रदर्शनाचा निकाल बदलता येत नाही असे मुख्याध्यापकांनी सांगितले, ते नियमाला धरून आहे. ज्वालामुखीवाल्या मुलांचा त्यात काही दोष नाही, त्यांचे बक्षीस त्यांच्याकडेच राहावे. पण तो तक्ता येत्या प्रदर्शनात मधल्या दालनात लावायचा आणि शेजारी पृथ्वीगोल व दोरा ठेवायचा, हे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. माझी पेन्सिलीची रेघ मी खोडलेली नाही. ती तशीच राहू द्यावी, खाली "परीक्षकांची रेघ, चूक" असे मी सही करून लिहिले आहे. तिच्या चुलत्यांना मी स्वतः बोलावणार आहे.

त्या दिवशी निघताना मी मुलीला माझा दोऱ्याचा प्रयोग सांगितला. साडेतेहतीस सेंटिमीटर गुणिले 425 म्हणजे 14,237 आले, खरे अंतर 13,993, तरी जवळपास बरोबर आले की नाही, असे विचारले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तेहतीसच यायला पायजे, सर. दोरा सैल धरला असणार तुमी."